रोजच्या रात्रीसाठी पॅनमधलं चिकन आणि त्याच पॅनमधला सॉस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दिवसभर काम करून दमलोय, भूक लागलीये, तासभर गॅससमोर उभं राहायचं त्राण नाही आणि फ्रीजमध्ये बोनलेस चिकन पडलंय, अशा रात्रीसाठी हे लिहितोय. पद्धत म्हणाल तर फार साधी. चिकन पॅनमध्ये दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचं, ताटलीत काढून ठेवायचं आणि त्याच न धुतलेल्या पॅनमध्ये दहाएक मिनिटांत सॉस करायचा. कापाकापी धरून अर्ध्या-पाऊण तासात जेवायला बसता येतं.

साधी आहे म्हणतोय खरं, पण नवीन माणूस अडतो तो भलत्याच ठिकाणी. रेसिपीत लिहिलेलं असतं 'छान रंग येईपर्यंत भाजा' आणि 'दाटसर होईपर्यंत आटवा', आता रंग आलाच नाही तर काय करायचं, आणि दाटसर म्हणजे नक्की किती, ते कोणी सांगत नाही. म्हणून इथे प्रत्येक पायरीला काय दिसायला हवं, काय ऐकू यायला हवं आणि बिघडलं तर पुढे काय, हे सगळं लिहिलंय, त्यामुळे लेख जरा लांबलाय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरून आपोआप कळेल. या सॉसची चव कुठल्या बाटलीतून येत नाही, ती येते चिकन भाजताना पॅनच्या बुडाला जी तांबूस खरवड चिकटते तिच्यातून. चिकन कोरडं करा, पॅन नीट तापवा, गर्दी करू नका, सारखं हलवू नका, हे जे सगळे जण सांगत असतात ते त्या खरवडीसाठीच. खरवड चांगली जमली तर सॉस बिघडवणं अवघड आहे, आणि ती जमलीच नाही तर वरून काहीही घाला, सॉस बेचवच लागणार.

काय काय लागेल (दोन-तीन माणसांना)

- बोनलेस चिकन, अर्धा किलो
- बारीक मीठ, पाऊण छोटा चमचा, सपाट
- काळी मिरी, जाडसर कुटलेली
- वास नसलेलं रिफाइंड तेल, दीड मोठा चमचा
- अर्धा लहान कांदा, अगदी बारीक चिरून
- लसूण, ३-४ पाकळ्या, बारीक चिरून
- चिकन स्टॉक (चिकनची हाडं उकळून केलेलं चवदार पाणी, तयार पाकिटातही मिळतं), १ कप म्हणजे साधारण २४० मिली, शक्यतो कमी मिठाचा
- लिंबाचा रस, २ छोटे चमचे
- मस्टर्ड, म्हणजे बाटलीत मिळतो तो मोहरीचा सॉस, १ छोटा चमचा (नसलं तरी चालतं)
- थंडगार बटर, ३० ग्रॅम, लहान तुकडे करून
- वरून घालायला कुठलीही हिरवी पानं, बारीक चिरून

भांड्यांमध्ये जाड बुडाचा पॅन, चिमटा, लाकडी किंवा सपाट टोकाचं उलथणं, किचन पेपर आणि दोन ताटल्या. ताटल्या दोनच हव्यात आणि वेगवेगळ्या हव्यात, का ते पुढे येईल. जमलं तर टोचून बघायचा थर्मामीटर घ्या. लोकांना वाटतं ही चैनीची वस्तू आहे, पण माझ्या मते नवीन माणसाला पॅनच्या आधी थर्मामीटर लागतो, कारण 'शिजलं का नाही' ही धाकधूकच जास्त चिकन कोरडं करते.

पॅनबद्दल थोडं. स्टीलचा जाड बुडाचा पॅन यासाठी सगळ्यात बरा, त्याला खरवड धरते आणि रंग चांदीसारखा असल्यामुळे ती तांबूस आहे की काळी पडत चाललीये हे दिसतं. बिडाचा पॅनही मस्त भाजतो, फक्त लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर असलं आंबट त्यात फार वेळ उकळत ठेवू नका, त्याचा तेलाचा थर निघतो आणि सॉसला लोखंडासारखी चव येते, दोन-तीन मिनिटांना मात्र काही होत नाही. नॉनस्टिकमध्ये चिकन होईल पण बुडाला काही चिकटतच नाही, म्हणजे सॉसचं मूळच गेलं. नॉनस्टिकच असेल तर करा, अडणार काही नाही, पण तो रिकामा मोठ्या आचेवर तापवू नका आणि सॉसकडून फार अपेक्षा ठेवू नका.

१. चिकनचा कुठला भाग घ्यायचा

ब्रेस्ट (छातीचा भाग) की थाय (मांडीचा), एवढाच प्रश्न आहे. पहिल्यांदा करत असाल तर बोनलेस थाय घ्या असं मी सांगेन. थायमध्ये चरबी आणि चिवट धागे जास्त असतात, त्यामुळे पाच मिनिटं जास्त शिजलं तरी ते मऊच राहतं, उलट जास्त शिजल्यावर ते धागे विरघळून आणखी छान लागतं. ब्रेस्ट तसं नाही, त्याची वेळ चुकली की लगेच भुसा होतो. पण बऱ्याच जणांना ब्रेस्टच आवडतं, तेव्हा पुढे दोन्हींचं सांगतो.

२. फ्रीजरमधलं असेल तर

आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवा, सकाळी विसरलात तरी संध्याकाळपर्यंत तयार असतं. ओट्यावर ठेवून वितळवू नका, कारण आतला भाग बर्फच असतो तोवर बाहेरचा भाग जंतू वाढायला पुरेसा गरम झालेला असतो. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला, अर्धा किलोला साधारण तासभर लागतो. असं पाण्यात वितळवलेलं चिकन लगेच शिजवून टाकायचं, परत फ्रीजरमध्ये नाही.

३. धुवू नका, टिपा

इथे बऱ्याच घरांत वाद होईल याची मला कल्पना आहे. नळाखाली चिकन धुतल्याने त्यावरचे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर वगैरे जंतू जात नाहीत, ते मरतात फक्त शिजवल्यावर. धुताना होतं काय, तर बारीक शिंतोडे सिंकभर, शेजारच्या भांड्यांवर, कोशिंबिरीसाठी काढलेल्या काकडीवर उडतात. अन्नसुरक्षेचं काम करणाऱ्या सरकारी संस्था न धुण्याचा सल्ला देतात तो याचसाठी. तरीही मनाला पटत नसेल आणि धुणारच असाल तर भांड्यात पाणी घेऊन हळूच बुडवून काढा, धार सोडू नका, आणि नंतर सिंक साबणाने घासा.

आणि धुवा किंवा न धुवा, कोरडं मात्र करायचंच. किचन पेपर घेऊन दोन्ही बाजूंनी दाबून दाबून टिपा, एक पेपर ओला झाला की दुसरा घ्या, चिकनचा पृष्ठभाग हाताला जरासा चिकट लागला पाहिजे, ओला नाही. याचं कारण सरळ आहे. पाणी १०० अंशांना उकळतं आणि जोवर वर पाणी आहे तोवर चिकनचा पृष्ठभाग त्याच्या वर तापतच नाही, आणि तांबूस रंग व तो खमंग वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओलं चिकन टाकलंत तर पॅनची सगळी उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते आणि चिकन भाजण्याऐवजी वाफेवर शिजतं, पांढरट आणि रबरासारखं.

वापरलेले पेपर सरळ कचऱ्यात, ओट्यावर नाही. हात साबणाने.

४. जाडी सारखी करा

ब्रेस्टचा तुकडा एका टोकाला चांगला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतो, तो तसाच टाकलात तर पातळ टोक वाळून कोळसा होईपर्यंत जाड टोक आतून कच्चं. म्हणून तळहात वर सपाट दाबून धरा आणि सुरी आडवी चालवून त्याचे दोन पातळ तुकडे करा, सुरीला धार हवी, बोथट सुरीच जास्त घसरते. मग वर-खाली प्लास्टिकची पिशवी ठेवून लाटण्याने हलकेच ठोका, साधारण दीड सेंटिमीटर जाडी झाली की बास. जोरात आपटायची गरज नाही, चिंध्या होतात. थायला हे काही करावं लागत नाही, फक्त उलगडून सपाट पसरा आणि कडेची लोंबणारी चरबी कापून टाका.

५. मीठ कधी लावायचं

दोनच वेळा योग्य आहेत: किमान ४० मिनिटं आधी, नाहीतर अगदी पॅनमध्ये टाकायच्या क्षणी. मधली वेळ वाईट. मीठ लावल्यावर पहिली दहा-वीस मिनिटं ते आतलं पाणी बाहेर ओढतं आणि चिकन वरून ओलं होतं, मग हळूहळू ते खारं पाणी परत आत शिरतं. तुम्ही नेमकं ओलं असताना टाकलंत तर तिसऱ्या पायरीची मेहनत पाण्यात. वेळ असेल तर मीठ लावून फ्रीजमध्ये उघडंच ठेवा, आतपर्यंत चव जाते आणि वरून कोरडंही होतं, फक्त ते सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा म्हणजे बाकीच्या अन्नावर काही ठिबकणार नाही. वेळ नसेल तर शेवटच्या क्षणी लावा, त्यानेही उत्तम होतं.

मिठाला हात आखडता घ्या, कारण पुढे स्टॉक आटणार आहे आणि स्टॉक आटला की त्यातलं मीठही दुप्पट खारट लागतं. वर सामानात पाऊण चमचा म्हटलंय ते याच हिशोबाने. मिरी आत्ताच लावली तरी चालेल, पण ती भाजताना थोडी करपते, मी तरी शेवटी सॉसमध्येच घालतो.

दही, मध, साखर असलेलं मॅरिनेशन या पद्धतीला चालत नाही. ते चिकनच्या आधी करपतं आणि बुडाला काळा थर धरतो. ते दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी.

६. गॅस लावायच्या आधी सगळं ओट्यावर हवं

ही पायरी लोक उडवतात आणि मग धावपळ होते. सॉसचे टप्पे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे असतात. लसूण पॅनमध्ये टाकून तुम्ही स्टॉकचं पाकीट उघडायला कात्री शोधत बसलात की लसूण गेला. म्हणून कांदा चिरलेला, लसूण चिरलेला, स्टॉक कपात मोजलेला, लिंबू पिळून बिया काढलेला, आणि बटरचे तुकडे करून परत फ्रीजमध्ये. बटर थंडच हवं. सोबत भात किंवा बटाटे करणार असाल तर ते आधीच लावून टाका, चिकन झाल्यावर त्यांची वाट बघत बसायला लागू नये.

स्टॉकची तयार वडी (क्यूब) पाण्यात विरघळवून स्टॉक करणार असाल तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट पाणी घाला, नाहीतर आटल्यावर तोंडात धरवणार नाही.

७. पॅन तापवणं

रिकामा स्टीलचा पॅन मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. मग ओल्या बोटांनी दोन-चार थेंब उडवा. थेंब नुसताच चुर्र करून उडून गेला तर पॅन अजून तापायचाय. थेंबाची गोल गोळी होऊन ती पाऱ्यासारखी पॅनभर धावायला लागली की पॅन तयार आहे, कधीकधी गरजेपेक्षा थोडा जास्तच, मग आच जराशी कमी करा. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते म्हणून तो असा तरंगतो. योहान लाइडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलंय, आणि आजही या परिणामाला त्याचंच नाव आहे.

हा थेंबाचा प्रयोग तेल घालायच्या आधीच करायचा. तापलेल्या तेलात पाणी उडवलंत तर ते अंगावर येतं. नॉनस्टिकमध्ये हा प्रयोग करायचाच नाही.

पाणी पूर्ण उडालं की तेल घाला, पॅन फिरवून पसरा. दहा-पंधरा सेकंदांत तेल पातळ होऊन त्यावर लाटांसारखी चमक दिसते, तेव्हा चिकन टाका. धूर यायला लागला असेल तर पॅन आचेवरून उचला आणि अर्धा मिनिट थांबा. इथे बटर वापरू नका, त्यातला दुधाचा अंश लगेच करपतो, त्याची वेळ शेवटी येणार आहे.

८. चिकन टाका आणि हात मागे घ्या

तुकडा तुमच्या जवळच्या बाजूने ठेवत लांब सोडा, म्हणजे तेल उडालं तर पलीकडे उडेल. मोठा चर्रर्र आवाज यायला हवा. आवाज आलाच नाही तर पॅन तापलेला नाही, तुकडा उचला आणि परत थांबा, लाज कसली.

तुकड्यांमध्ये बोटभर तरी जागा हवी. चार तुकडे मावत नसतील तर दोन-दोन करून भाजा. सगळे एकदम कोंबले की पॅन गार होतो, चिकनला पाणी सुटतं, ते उडायला जागा नसते आणि चर्रर्रचा आवाज बदलून रटरट ऐकू येते. हा आवाजातला फरक कान देऊन ऐका, डोळ्यांपेक्षा कान आधी सांगतात. रटरट ऐकू आली की दोन तुकडे बाहेर काढा आणि आच वाढवा, अजून वेळ गेलेली नसते.

आता सगळ्यात अवघड काम, म्हणजे काहीच न करणं. ब्रेस्टचे पातळ तुकडे असतील तर पहिली बाजू ४-५ मिनिटं, थाय असेल तर ६-७ मिनिटं. सुरुवातीला चिकन स्टीलला घट्ट चिकटतं, ओढलंत तर फाटतं आणि लोकांना वाटतं पॅनच वाईट आहे. खालचा थर नीट भाजला गेला की ते बहुतेक आपणहून सुटतं. चार मिनिटांनी चिमट्याने एक कोपरा उचलून बघा, सहज उचलला गेला आणि खाली गडद तांबूस दिसला तर उलटा. हट्टाने चिकटून बसलं असेल तर अजून एक मिनिट. पहिली बाजूच खरी रंगाची, दुसरी बाजू ब्रेस्टला २-३ मिनिटं आणि थायला ४-५ मिनिटं पुरे होते, तिला तेवढा रंग येत नाही आणि यायची गरजही नाही. ही बाजू ताटात खाली जाते.

मधूनच बुडाकडे नजर असू द्या. तुकड्यांच्या आजूबाजूची खरवड लालसर तपकिरी असेल तर सगळं ठीक चाललंय, कडेने काळी पडायला लागली तर आच ताबडतोब कमी.

९. शिजलं का?

थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात आडवा, मध्यापर्यंत खुपसा, वरून खाली टोचलंत तर टोक पॅनला टेकून भलताच आकडा येतो. ७४ अंश सेल्सिअस दिसले की ब्रेस्ट काढा. थाय ७४ लाच सुरक्षित होतं, पण ते ८० च्या आसपास जास्त मऊ लागतं, तेव्हा अजून दोन मिनिटं राहू द्या. अनुभवी लोक ब्रेस्ट दोन-तीन अंश आधी काढतात, कारण बाहेर काढल्यावरही आतलं तापमान थोडं चढतं. तसं करायचं असेल तर ताटलीत ७४ ला पोचलंय का हे परत टोचून बघा.

थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरीने छोटी चीर द्या आणि उघडून बघा. मांस पांढरं, अपारदर्शक दिसायला हवं, मध्ये काचेसारखा चमकदार गुलाबी पट्टा नको, आणि सुटणारं पाणी स्वच्छ हवं. चीर दिल्याने 'सगळा रस निघून जातो' वगैरे काही होत नाही, दोन थेंब जातात. बोटाने दाबून ओळखायची युक्ती सांगतात ती नवीन माणसासाठी नाही.

१०. बाजूला काढा, दुसऱ्या ताटलीत

ज्या ताटलीत कच्चं चिकन होतं तिच्यात हे काढायचं नाही, म्हणून दोन ताटल्या. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत नेमकी तीच ताटली हाताशी असते. चिमटाही कच्च्याला लागलेला असतो, तेव्हा उलटवून झाल्यावर एकदा धुवून घ्या. चिकन सैलसर झाकून ठेवा, घट्ट झाकलंत तर वाफेने वरचा खरपूस थर मऊ पडतो. सॉस होईपर्यंत ते तिथेच मुरू दे. ताटलीत जो रस जमेल तो फेकायचा नाही.

११. सॉस

आता पॅनकडे नीट बघा. तेल फार दिसत असेल तर एक मोठा चमचाभर ठेवून बाकीचं एखाद्या वाटीत ओतून टाका. खरवड तपकिरी असेल तर पुढे चला. काळी कुळकुळीत असेल तर मन घट्ट करून पॅन पुसा, चमचाभर नवीन तेल घ्या आणि त्यातच पुढचं करा. सॉस थोडा कमी खमंग होईल पण कडू होणार नाही. करपलेल्या खरवडीवर लिंबू, साखर, क्रीम काहीही घाला, कडूपणा जात नाही.

आच मध्यमपेक्षा कमी करा. कांदा टाका, दोन मिनिटं परता, कांद्याला सुटणाऱ्या पाण्यानेच थोडी खरवड निघायला लागते. मग लसूण, अर्धा मिनिट, वास सुटला की थांबायचं नाही. लगेच स्टॉक ओता.

इथे मोठा फसफसाट होतो आणि वाफेचा लोट उठतो, घाबरू नका, चेहरा जरा मागे ठेवा. आणि आता उलथण्याच्या सपाट टोकाने बुड खरवडायला घ्या. आधी कडा, मग मध्य. मिनिटभरापूर्वी जे घासून निघणार नाही असं वाटत होतं ते सगळं सुटून स्टॉकमध्ये मिसळतं आणि फिकट पिवळं पाणी बघता बघता चहासारखं तपकिरी होतं. पॅनचं बुड स्वच्छ दिसेपर्यंत खरवडा.

मग आच मोठी करा आणि उकळू द्या. स्टॉक निम्म्यावर यायला हवा, ४-५ मिनिटं लागतात, पॅन जितका पसरट तितकं लवकर. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि भरभर फुटणारे असतात, आटत आला की ते मोठे, आळसटलेले होतात. उलथणं बुडावरून ओढलं की मागे रेघ उमटून क्षणभर तशीच राहिली पाहिजे. रेघ लगेच भरून आली तर अजून आटवा.

आता ताटलीतला रस आत ओता, मस्टर्ड घाला, एक उकळी येऊ द्या आणि गॅस बंद करा. अर्धा मिनिट थांबा. बुडबुडे शांत झाले की थंड बटरचे दोन-तीन तुकडे टाका आणि पॅन गोल गोल फिरवत राहा किंवा चमच्याने ढवळा, विरघळत आले की पुढचे तुकडे. काही सेकंदांत सॉस एकदम चकचकीत आणि किंचित दाट होतो, सगळं मिळून येतं. बटरमधली चरबी बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात पसरून राहते म्हणून हे होतं, आणि त्यासाठीच बटर थंड आणि आच बंद हवी. उकळत्या सॉसमध्ये टाकलंत तर बटर वितळून वर नुसता तेलाचा तवंग येतो.

सगळ्यात शेवटी लिंबू. आधी अर्धाच घाला, चव बघा, मग बाकीचा. मिरी आणि हिरवी पानं घाला. मीठ आत्ता बघायचं, बऱ्याचदा लागतच नाही.

ब्रेस्ट असेल तर धाग्यांच्या आडवे काप करा, ताटात लावा आणि सॉस वरून सोडा. चिकन सॉसमध्ये परत टाकून उकळत बसू नका, भाजण्यात कमावलेलं सगळं दोन मिनिटांत जाईल.

१२. सॉस बिघडला तर

पातळ राहिला आणि बटर अजून घातलेलं नाही: आणखी आटवा. वेळ नसेल तर अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मोठ्या चमचाभर गार पाण्यात कालवून घाला आणि एक उकळी काढा. कोरडं कॉर्नफ्लोअर सरळ टाकलंत की गाठी. पॅकेटच्या स्टॉकचा सॉस कितीही आटवला तरी पाणचट वाटतो याचं कारण त्यात जिलेटिन सहसा फारसं नसतं, घरी हाडं उकळून केलेल्या स्टॉकमध्ये ते असतं. बिनचवीचं जिलेटिन घरात असेल तर छोटा चमचाभर गार स्टॉकवर भुरभुरवून पाच मिनिटं भिजू द्या आणि मग वापरा, फरक लगेच कळतो.

फुटला, म्हणजे तेल वेगळं आणि पाणी वेगळं दिसतंय: बहुतेक वेळा तो जास्त आटलाय किंवा फार गरम आहे. गॅस बंद ठेवून मोठा चमचाभर पाणी घाला आणि जोरात ढवळा, नव्वद टक्के वेळा परत मिळून येतो.

खारट झाला: पाणी घालून पातळ करा आणि बटर थोडं वाढवा. बटाट्याचा तुकडा टाकला की मीठ शोषलं जातं म्हणतात, पण बटाटा फक्त थोडं खारं पाणी पितो, उरलेला सॉस होता तितकाच खारट राहतो.

नुसताच सपाट लागतोय, काहीतरी कमी आहे पण कळत नाही: मीठ घालायच्या आधी दोन थेंब लिंबू घालून बघा. बहुतेक वेळा तेच कमी असतं.

१३. एकदा जमल्यावर

पद्धत तीच ठेवून चव बदलता येते. कांद्याच्या आधी मश्रूमचे काप टाकून पाणी उडेपर्यंत परता. किंवा स्टॉक आटल्यावर बटरऐवजी पाव कप फुल फॅट क्रीम घाला, मस्टर्ड दुप्पट करा आणि दोन मिनिटं उकळा. क्रीमच्या जागी दूध चालणार नाही, लिंबू किंवा मस्टर्डच्या आंबटपणाने दूध नासतं, जास्त चरबीचं क्रीम टिकतं. लिंबाऐवजी व्हिनेगर घ्यायचं असेल तर ते स्टॉकच्या आधी घाला आणि जवळजवळ पूर्ण उडू द्या, नाहीतर नाकात जातं. वाइन घालणारे तीही इथेच घालतात, स्टॉकच्या आधी, निम्मी होईपर्यंत आटवून. फक्त ती कपात काढून घ्या, पॅन ज्योतीवरून बाजूला घ्या आणि मग ओता, बाटलीतून सरळ पेटत्या गॅसवर नाही. अल्कोहोल सगळं उडतं हा गैरसमज आहे, थोडं राहतंच, ज्यांना चालत नाही त्यांना वाढताना हे लक्षात ठेवा.

१४. उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, चिकन आणि सॉस वेगवेगळ्या डब्यात, तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना सॉस आधी मंद आचेवर घ्या, चमचाभर पाणी घालून, आणि काप केलेलं चिकन त्यात वाफ येईपर्यंत पूर्ण गरम होऊ द्या. बटरचा सॉस दुसऱ्या दिवशी थोडा फुटतोच, वर सांगितलं तसं पाणी घालून ढवळा. मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल तर झाकून, कमी पॉवरवर, मध्ये एकदा हलवून.

पॅन घासायला फार काही उरत नाही, खरवड तर तुम्ही खाऊन टाकलेली असते. कडेने काही राहिलंच तर पॅन कोमट झाल्यावर पाणी घालून एक उकळी काढा, तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतू नका, बुड वाकडं होतं आणि मग तो गॅसवर डुगडुगत राहतो.